ग्रँट आणि मिसिसिपी, १८७५ : न पाठवलेल्या फौजेचे प्रकरण

हेच प्रकरण का

राष्ट्राध्यक्षांची क्रमवारी लावण्याचा अमेरिकन इतिहासकारांना भारी नाद. १९४८ साली थोरल्या आर्थर श्लेसिंजरने अशी पहिली पाहणी घेतली, तेव्हा २९ जणांत युलिसिस ग्रँट २८वा आला. त्याच्या खाली फक्त वॉरन हार्डिंग. पुढे सी-स्पॅन वाहिनीच्या पाहण्यांत तो २००० साली ३३वा होता, २००९ मध्ये २३वा, २०१७ मध्ये २२वा आणि २०२१ मध्ये २०वा. मरून सव्वाशे-दीडशे वर्षे झालेल्या माणसाची पत अशी भराभर वाढते, तेव्हा थांबून विचारायला हवे की नेमका कोणता हिशेब चुकला होता आणि तो आता खरोखर बरोबर आला आहे का.

ग्रँटवरचा जुना आरोप दुहेरी होता. एक म्हणजे त्याचे सरकार भ्रष्ट होते. दुसरा असा की यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेवर त्याने लष्कराच्या जोरावर काळ्यांचे आणि उपऱ्या उत्तरवाल्यांचे राज्य लादले. पहिला आरोप बराचसा खरा आहे. दुसरा मला साफ उलटा वाटतो. ग्रँटच्या हातून दक्षिणेत जी मोठी चूक झाली ती फौज पाठवल्याची नव्हती, ती हवी तेव्हा न पाठवल्याची होती. हे १८७५ च्या सप्टेंबरातल्या एका आठवड्यात फार स्पष्ट दिसते, म्हणून तेवढाच आठवडा इथे उलगडून पाहू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे घोटाळा होईल. त्या काळी रिपब्लिकन हा लिंकनचा, गुलामगिरीविरोधी पक्ष होता, आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट हे जुन्या मळेवाल्या गोऱ्यांचे. आजची चित्रे डोळ्यांपुढून काढून वाचावे.

पार्श्वभूमी

१८६५ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती जनरल ली याची शरणागती घेणारा ग्रँट १८६९ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी घटनेची पंधरावी दुरुस्ती मंजूर झाली आणि वंश किंवा रंगावरून मतदानाचा हक्क नाकारायला बंदी आली. कागदावर लाखो माजी गुलाम मतदार झाले. प्रत्यक्षात मतदानाला निघालेल्या माणसाच्या दारात रात्री कु क्लक्स क्लॅन या काळ्यांना दहशत घालणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेचे घोडेस्वार उभे राहत.

दक्षिण कॅरोलिनातल्या यॉर्क परगण्यात जिम विल्यम्स नावाचा काळा माणूस स्थानिक मिलिशियाचा, म्हणजे राज्याच्या नागरी फौजेचा, कप्तान होता. मार्च १८७१ मध्ये क्लॅनने त्याला घरातून ओढून नेऊन झाडाला टांगले आणि अंगावर चिठ्ठी अडकवली. तिच्यात त्याच्या ‘मोठ्या कवायती’ची टवाळी केली होती. हा खून अपवाद नव्हता. तिथे धाडलेला मेजर लुईस मेरिल आला तेव्हा क्लॅनच्या गोष्टी फुगवून सांगितल्या जातात असे त्याला वाटत होते. काही महिन्यांत तो मारहाणीच्या आणि खुनांच्या याद्या करत बसला.

त्या वर्षी ग्रँट कचरला नाही. न्याय खाते १८७० मध्येच उभे राहिले होते. त्याचा प्रमुख, अ‍ॅटर्नी जनरल एमॉस अ‍ॅकरमन, हा स्वतः कधीकाळी दक्षिणेच्या बाजूने लढलेला जॉर्जियावासी, पण आता क्लॅनच्या मागे हात धुऊन लागलेला. एप्रिल १८७१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे संसदेने, क्लॅनविरोधी कायदा केला आणि १७ ऑक्टोबरला ग्रँटने दक्षिण कॅरोलिनातल्या नऊ परगण्यांत हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटक झालेल्याला न्यायालयापुढे उभे करण्याचा, हक्क स्थगित केला. शांततेच्या काळात असे पाऊल उचलणे म्हणजे विस्तवाशी खेळ होता. यादीत मॅरियन परगण्याचे नाव चुकून पडले होते. ते मागून काढून तिथे युनियन घातले, इतकी ती घाई होती. पण शेकडो लोक पकडले गेले, कित्येक पळाले. राज्याची राजधानी कोलंबिया इथल्या संघीय न्यायालयात खटले उभे राहिले आणि काळ्या साक्षीदारांनी, बऱ्याचदा काळ्या ज्यूरींपुढे, गोऱ्यांविरुद्ध साक्षी दिल्या. क्लॅन मोडली. १८७२ ची निवडणूक दक्षिणेत त्या मानाने शांततेत पार पडली.

ग्रँटची आजची वाढलेली पत मुख्यतः या पानावर उभी आहे, आणि ते रास्तच आहे. पण गोष्ट इथे संपत नाही.

चार वर्षांत काय बदलले

पहिला बदल घरातलाच. डिसेंबर १८७१ मध्ये ग्रँटने अ‍ॅकरमनचा राजीनामा मागून घेतला. रेल्वे कंपन्यांच्या विरोधात त्याने दिलेली मते कारणीभूत होती असे बरेच अभ्यासक मानतात. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज विल्यम्सने खटल्यांचा वेग कमी केला आणि १८७३ पासून शिक्षा झालेल्यांना माफी मिळू लागली.

१३ एप्रिल १८७३ ला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्सच्या न्यायालयात आसरा घेतलेल्या काळ्यांची कत्तल झाली. मृतांचा आकडा निदान साठ, कदाचित दीडशेच्या घरात. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. फुल्यांचे कौतुक खोटे नव्हते. मात्र ज्या सरकारच्या अमदानीत ते कौतुक केले गेले, त्याच्या पायाखालची वाळू तेव्हाच सरकायला लागली होती.

सप्टेंबर १८७३ मध्ये जे कुकची पेढी बुडाली आणि मंदी आली. उत्तरेतल्या मतदाराला आता दक्षिणेतल्या काळ्या माणसाच्या मतापेक्षा स्वतःच्या रोजगाराची चिंता. १८७४ मध्ये प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांनी जिंकले, युद्धानंतर पहिल्यांदाच. त्याच उन्हाळ्यात न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडलीने कोलफॅक्सच्या आरोपींविरुद्धचे आरोपपत्र टिकणार नाही असा निवाडा दिला. ब्रॅडलीला सर्वोच्च न्यायालयात नेमले होते खुद्द ग्रँटनेच.

पण सगळ्यांत जिव्हारी लागला तो जानेवारी १८७५ चा प्रसंग. न्यू ऑर्लिन्सला विधानसभेत काही डेमोक्रॅट सदस्यांना सैनिकांनी सभागृहाबाहेर काढले. संगिनी लावून आमदार बाहेर काढणे हे चित्र उत्तरेतल्या रिपब्लिकनांनाही पचले नाही. बोस्टनच्या फॅन्यूल हॉलमध्ये, म्हणजे गुलामगिरीविरोधी चळवळीच्या माहेरी, निषेधसभा झाली. ग्रँटने सिनेटला लांबलचक खुलासा पाठवला आणि त्यात कोलफॅक्सच्या खुन्यांना शिक्षा होत नाही याबद्दल संताप व्यक्त केला. खुलासा चांगला होता, पण तोवर वारे फिरले होते.

पेच

मिसिसिपीत काळ्यांची संख्या निम्म्याहून जास्त. गव्हर्नर होता एडेलबर्ट एम्स, मेनहून आलेला, युद्धातल्या मर्दुमकीबद्दल पुढे पदक मिळालेला तरुण जनरल. नोव्हेंबर १८७५ मध्ये राज्याची निवडणूक होती. निवडणूक सरळ झाली तर रिपब्लिकन हरणे कठीण, म्हणून डेमोक्रॅटांनी ती सरळ होऊच द्यायची नाही असे ठरवले. या डावपेचाला पुढे ‘मिसिसिपी योजना’ असे नाव पडले. क्लॅनप्रमाणे बुरखे नाहीत, सगळे उघड. बंदूकधारी क्लब, सभांना घेराव, मळेवाल्यांकडून कामावरून काढण्याची धमकी आणि अधूनमधून खून.

१ सप्टेंबरला याझू परगण्यात रिपब्लिकन सभेवर हल्ला झाला आणि तिथला शेरिफ अल्बर्ट मॉर्गन परागंदा झाला. ४ सप्टेंबरला राजधानी जॅक्सनजवळच्या क्लिंटनला रिपब्लिकनांनी सभा आणि मेजवानी ठेवली होती. माणसे बायकापोरांसह आली होती. तिथे गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे पडली. मग पुढचे काही दिवस आसपासच्या भागातून आलेल्या गोऱ्या टोळ्या काळ्यांना घरोघर शोधून मारत हिंडल्या. मृतांचा अंदाज तीस ते पन्नास. पळालेली माणसे जॅक्सनमध्ये येऊन साचू लागली.

८ सप्टेंबरला एम्सने ग्रँटकडे संघीय फौज मागितली.

ग्रँट वॉशिंग्टनमध्ये नव्हता. नेहमीप्रमाणे तो न्यू जर्सीच्या लाँग ब्रँचला, समुद्राकाठच्या बंगल्यावर उन्हाळा काढत होता. वॉशिंग्टनमधला कारभार पाहत होता नवा अ‍ॅटर्नी जनरल एडवर्ड्स पिअरपाँट. सगळा निर्णय तारा आणि टपालावर व्हायचा होता, आणि पुढे त्याचा परिणाम झाला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता : दंगलखोरांना पांगण्याचा जाहीरनामा काढायचा आणि पाठोपाठ फौज घालायची. याला पूर्वपीठिका होती. मिसिसिपीतच व्हिक्सबर्गच्या काळ्या शेरिफला गोऱ्या जमावाने हाकलले होते, तेव्हा याच वर्षी जानेवारीत ग्रँटने सैनिक पाठवून त्याला परत खुर्चीवर बसवले होते. अडचण अशी की १८७१ च्या कायद्यातला हेबियस कॉर्पस स्थगित करण्याचा अधिकार मुदतीचा होता, तो १८७२ मध्येच संपला होता. तो परत देणारे विधेयक १८७५ च्या फेब्रुवारीअखेर प्रतिनिधीगृहात पास झाले, पण सिनेटमध्ये वेळेअभावी राहिले. म्हणजे हत्यार होते, पण त्याची धार गेलेली.

दुसरा पर्याय कायद्याच्या आडोशाचा. घटनेच्या चौथ्या कलमानुसार अंतर्गत हिंसाचारात केंद्राची मदत राज्याच्या विधिमंडळाने मागायची. विधिमंडळ बोलावणे शक्य नसेल तरच गव्हर्नरने. मग एम्सने आधी विधिमंडळ का बोलावले नाही? पिअरपाँटला हा मुद्दा फार प्रिय होता. कागदावर तो चूकही नव्हता.

तिसरा : एम्सने स्वतःची मिलिशिया उभारावी. तो तयार होता, पण गोरे रिपब्लिकन त्याच्यासाठी बंदूक उचलायला पुढे येईनात, आणि काळ्यांच्या हाती बंदुका दिल्या तर सरळ वांशिक युद्ध पेटेल, ज्यात काळेच मरतील, ही भीती त्याला स्वतःलाही होती. ती अनाठायी नव्हती.

चौथा पर्याय कुणी कागदावर लिहिला नाही, पण तो सगळ्यांच्या मनात होता : ऑक्टोबर उलटेपर्यंत थांबायचे. १२ ऑक्टोबरला ओहायोत गव्हर्नरची निवडणूक होती. रदरफर्ड हेज रिपब्लिकन उमेदवार होता आणि सामना अटीतटीचा होता. मिसिसिपीत परत एकदा संगिनी चमकल्या की ओहायो गेले, अशी तिथल्या पुढाऱ्यांची धास्ती.

प्रत्यक्षात काय झाले

१३ सप्टेंबरला ग्रँटने लाँग ब्रँचहून पिअरपाँटला पत्र लिहिले. त्यातले एक वाक्य दीडशे वर्षे त्याच्या मानगुटीवर बसले आहे. दक्षिणेतल्या या दरवर्षीच्या शरद ऋतूतल्या उपद्रवांना सगळी जनता कंटाळली आहे, आणि सरकारने कोणताही हस्तक्षेप केला तर बहुसंख्य लोक आता त्याचा निषेधच करतील, अशा अर्थाचे.

पण पत्र तिथे थांबत नाही. जाहीरनामा न काढता शांतता झाली तर बरे, असे म्हणून ग्रँट पुढे लिहितो की तसे झाले नाही, तर जाहीरनामा काढावाच लागेल, आणि तो काढला तर मग फौजेच्या सेनापतीला मी पोरखेळ चालणार नाही अशी ताकीद देईन. हस्तक्षेप करायचाच तर दुष्टांना वचक बसेल असा. ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाचे हे पत्र नव्हे. हे नाखुशीने का होईना, ‘हो’च्या काठावर उभ्या असलेल्या माणसाचे पत्र आहे.

पिअरपाँटने दुसऱ्या दिवशी एम्सला उत्तर पाठवले. त्यात त्याने ग्रँटच्या पत्रातला कंटाळ्याचा भाग उचलून घेतला आणि धार होती ती वाक्ये गाळली. वर स्वतःचा उपदेश जोडला : तुम्ही आधी आपली ताकद वापरा, मिसिसिपीच्या रिपब्लिकनांत आपल्या हक्कांसाठी लढायची हिंमत आहे हे देशाला दिसू द्या. ज्यांच्या घरात शिरून माणसे मारली जात होती त्यांना हा सल्ला! ते पत्र वर्तमानपत्रांत छापून आले आणि डेमोक्रॅटांना जे हवे होते ते आपसूक कळले : फौज येत नाही. त्यांच्या राज्य समितीचा प्रमुख जे. झेड. जॉर्ज आधीच वॉशिंग्टनला तारा करत होता की इथे सगळे शांत आहे.

ग्रँट या छाटणीवर कडाडला, पिअरपाँटला फटकारले, अशी काही नोंद दिसत नाही. आपल्या नावाने काय गेले ते वर्तमानपत्रांत सगळ्यांबरोबर त्यालाही वाचता येत होते. म्हणून सगळे खापर पिअरपाँटवर फोडणाऱ्यांशी मी सहमत नाही.

एम्सने मग मिलिशियाचा प्रयत्न केला. चार्ल्स कॉल्डवेल या क्लिंटनच्या काळ्या राज्य-सिनेटरने ऑक्टोबरात जॅक्सनहून शस्त्रे घेऊन एक तुकडी चालवत नेली. वाटेत कुणाची छेडण्याची हिंमत झाली नाही. पण लगेच पिअरपाँटचा दूत जी. के. चेस मध्यस्थीला आला आणि १३ ऑक्टोबरच्या सुमारास एम्स व जॉर्ज यांच्यात ‘शांतता करार’ झाला : एम्सने मिलिशिया मोडायची, डेमोक्रॅटांनी निवडणूक शांततेत होऊ द्यायची. पहिली अट लगेच पाळली गेली. दुसरीचे काय झाले ते पुढे येईलच.

एम्स भाबडा नव्हता. त्या करारापूर्वीच त्याने बायकोला लिहिले होते की शस्त्रांच्या बळावर क्रांती झाली आहे, एका वंशाचा मताधिकार गेला आहे, त्यांना वेठबिगारीच्या अवस्थेत, दुसऱ्या गुलामगिरीत ढकलले जाणार आहे. निग्रोचा राजकीय मृत्यू झाला की अशा ‘उपद्रवां’च्या कंटाळ्यातून राष्ट्र कायमचे सुटेल, असा टोमणाही त्याने मारला. टोमणा कुणाला होता हे सांगायला नको.

परिणाम

१२ ऑक्टोबरला ओहायोत हेज सुमारे साडेपाच हजार मतांनी जिंकला. पक्षाचा हिशेब बरोबर आला.

२ नोव्हेंबरला मिसिसिपीत मतदान झाले. याझू परगण्यात काळ्यांची भक्कम बहुसंख्या होती. तिथे रिपब्लिकनांना मते पडली सात. हजारांच्या परगण्यात सात. या एका आकड्यापुढे फार बोलायचे कारण नाही. डेमोक्रॅटांनी विधिमंडळ खिशात घातले आणि महाभियोगाची टांगती तलवार ठेवून मार्च १८७६ मध्ये एम्सला राजीनामा द्यायला लावला. चार्ल्स कॉल्डवेलला डिसेंबरातच क्लिंटनमध्ये ओळखीच्या माणसाने दारू प्यायला तळघरात बोलावले आणि खिडकीतून त्याच्यावर गोळी झाडली गेली. मला वर न्या, कुत्र्यासारखा तळघरात मरू देऊ नका, असे तो म्हणाला. वर रस्त्यावर आणून त्याला आणखी गोळ्या घातल्या. त्याच्या बायकोने, मार्गारेट अ‍ॅन कॉल्डवेलने, पुढच्या वर्षी सिनेटच्या चौकशी समितीपुढे हे सगळे सांगितले. समितीच्या अहवालाचे दोन जाडजूड खंड निघाले. झाले काहीच नाही.

मार्च १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलफॅक्स प्रकरणात ब्रॅडलीचीच वाट धरली, आणि खाजगी माणसांनी केलेल्या हिंसेला केंद्राचा कायदा जवळजवळ लागू होईनासा झाला. मिसिसिपीची योजना १८७६ मध्ये दक्षिण कॅरोलिनात जशीच्या तशी वापरली गेली. तेव्हा मात्र ग्रँटने वेगळे केले. जुलैमध्ये त्याने तिथल्या गव्हर्नरला लिहिले की मिसिसिपीवर आज राज्य करणारे लोक लबाडी आणि हिंसेने निवडून आले आहेत, रानटी लोकांनाही शोभणार नाही अशा. ऑक्टोबरात त्याने तिथे फौजही पाठवली. चूक कळली होती, असे यावरून म्हणता येते. मिसिसिपीला त्याचा काही उपयोग नव्हता.

आणि ओहायो वाचवून मिळाले काय, तर हेज. तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राजधान्यांतून उरलीसुरली फौज मागे घेतली.

ग्रँटने स्वतः काय सांगितले

जॉन लिंच हा मिसिसिपीचा काळा काँग्रेस सदस्य, गुलामीत जन्मलेला. १८७५ मध्ये तो कसाबसा निवडून आला आणि निवडणुकीनंतर ग्रँटला भेटला तेव्हा त्याने थेट विचारले की तुम्ही फौज का दिली नाही. लिंचच्या सांगण्यानुसार ग्रँट म्हणाला : मी देणार होतो, पण ओहायोचे पुढारी आले. त्यांचे म्हणणे असे की मिसिसिपी तसेही हातचे गेले आहे, फौज पाठवली तर ओहायोही जाईल. एकीकडे कर्तव्य होते, दुसरीकडे पक्ष, आणि मी नमायला नको होते.

लिंचने हे लिहिले १९१३ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी, आणि ते पुनर्रचनेच्या, म्हणजे युद्धानंतर दक्षिणेची नवी घडी बसवण्याच्या, काळाची बदनामी खोडून काढायला. शब्द न् शब्द खरा धरता येणार नाही. पण तारखा जुळतात, हेतू जुळतो, आणि ग्रँटवर प्रेम असलेल्या माणसाने त्याच्या कमीपणाची गोष्ट मुद्दाम रचावी याला कारण दिसत नाही.

वेगळे काय करता आले असते

नेहमीचा बचाव असा की फौज पाठवूनही काही टिकले नसते. लष्कर पंचवीस हजारांच्या आसपास, डिसेंबरपासून प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांच्या ताब्यात, ते पैसे अडवणार, जनमत थंड. यात तथ्य आहे. मी असे म्हणणार नाही की काही पलटणींनी मिसिसिपीचे पुढचे शंभर वर्षांचे नशीब बदलले असते.

पण ग्रँटपुढे शंभर वर्षांचा प्रश्न नव्हता. प्रश्न २ नोव्हेंबरचा होता, आणि तेवढ्यापुरती फौज पुरली असती याचा पुरावा त्याच्याच खात्यावर आहे : १८७२. लष्कर कमी होते हेही अर्धेच खरे. मिसिसिपीत मतदान झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ नोव्हेंबरला, व्हाइट हाउसमध्ये ग्रँट आपल्या सेनापतींबरोबर बसला होता आणि विषय होता ब्लॅक हिल्स. करारान्वये लाकोटा या मूळनिवासी जमातीची असलेली ती डोंगराळ भूमी सोन्यासाठी शिरणाऱ्या गोऱ्यांपासून राखायची नाही, असे तिथे गुपचूप ठरले. पुढच्या उन्हाळ्यात लाकोटांविरुद्ध लढायला घोडदळ मिळाले. ज्याने सेनेका या मूळनिवासी जमातीच्या एली पार्करला मूळनिवाशांच्या (‘इंडियन’) खात्याचा प्रमुख नेमले होते, त्याच ग्रँटच्या हातून हे झाले.

माझ्या मते सप्टेंबरातला खरा निसटलेला क्षण पिअरपाँटच्या पत्राचा आहे. फौज प्रत्यक्ष पाठवायच्या आधी, नुसता सही केलेला जाहीरनामा छापून आला असता तरी क्लबवाल्यांना आपण कुठवर जाऊ शकतो याचा अंदाज राहिला नसता. १८७१ मध्येही क्लॅनचे पुढारी पळाले ते मुख्यतः भीतीने. इथे उलट झाले. सरकार येणार नाही याची लेखी हमी सरकारनेच छापली. ग्रँट वॉशिंग्टनला परतून मसुदा स्वतः वाचता, तर तीच ‘पोरखेळ चालणार नाही’ची ओळ कदाचित वर्तमानपत्रात आली असती.

एम्सचाही हिशेब व्हायला हवा. त्याने ऑगस्टमध्येच विधिमंडळ बोलावले असते तर पिअरपाँटची पळवाट बुजली असती. आणि कॉल्डवेलची तुकडी बिनधोक चालून आल्यावर लगेच मिलिशिया मोडणे ही त्याची सर्वांत महागडी सही ठरली. मात्र पुढे त्याला भ्रष्ट उपरा म्हणून रंगवले गेले, तो अन्याय होता. जॉन केनेडीने १९५६ च्या आपल्या पुस्तकात तोच सूर लावला, तेव्हा एम्सची म्हातारी मुलगी ब्लँच कित्येक वर्षे त्याला पत्रे लिहून दुरुस्ती मागत राहिली. दुरुस्ती झाली नाही. शेवटी तिने स्वतःच बापाचे चरित्र लिहिले.

आणखी मागे गेले तर निर्णय १८७१ च्या डिसेंबरातला दिसतो. अ‍ॅकरमन खात्यात राहिला असता तर खटले ढिले पडले नसते, माफ्या इतक्या स्वस्त झाल्या नसत्या. ग्रँटची माणसांची पारख रणांगणावर जितकी तल्लख, तितकीच मंत्रिमंडळात दुबळी. व्हिस्की रिंगमध्ये, म्हणजे दारूवरचा कर बुडवण्याच्या घोटाळ्यात, अडकलेल्या आपल्या सचिवाला, बॅबकॉकला, तो शेवटपर्यंत पाठीशी घालत राहिला, आणि कामाचा अ‍ॅकरमन मात्र सहज गेला.

पुनर्मूल्यांकन कुठवर आले

जुनी बदनामी रचली कुणी, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंगच्या हाताखाली तयार झालेल्या इतिहासकारांनी. त्यांच्या लेखी काळ्यांना मताधिकार देणे हीच मूळ चूक होती, मग तो राखणारा ग्रँट चांगला कसा ठरणार? काळा इतिहासकार ड्यू बॉइस याने १९३५ मध्ये या सगळ्याला आव्हान दिले, पण विद्यापीठांनी ते मनावर घ्यायला नागरी हक्कांची चळवळ यावी लागली. दरम्यान १९६७ पासून ग्रँटचे कागद खंडाखंडाने छापून येऊ लागले आणि १३ सप्टेंबरचे पत्र अखंड वाचता येऊ लागले. हा सगळा संग्रह आज आहे मिसिसिपी राज्य विद्यापीठात. २००८ अखेर तो इलिनॉयहून तिथे हलवला. मिसिसिपीत ग्रँटचे ग्रंथालय! युद्धात ग्रँटने वेढा घालून जिंकलेल्या तिथल्या व्हिक्सबर्गवाल्यांच्या पणजोबांना सांगितले असते तर हसून लोळले असते.

सी-स्पॅनच्या पाहणीत दहा निकष असतात आणि त्यांतला एक सर्वांना समान न्यायाचा आहे. ग्रँट वर सरकला त्यात या निकषाचा हात आहेच. इथे एक नवी सोय होऊ पाहते, तिची मला धास्ती वाटते. पूर्वी ग्रँट म्हणजे व्हिस्की रिंग एवढेच सांगत. आता ग्रँट म्हणजे क्लॅनचा कर्दनकाळ, एवढेच सांगतात. गंमत म्हणजे २०२० च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निदर्शकांनी त्याचा पुतळा पाडला, कारण त्याच्याकडे एक गुलाम होता. विल्यम जोन्स नावाच्या त्या गुलामाला त्याने १८५९ मध्ये, स्वतः पैशाच्या ओढाताणीत असताना, न विकता मुक्त केले होते. एका बाजूला देव्हारा, दुसऱ्या बाजूला दोरखंड.

राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर ग्रँट जगप्रवासाला निघाला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईलाही आला. मलबार पॉइंटला गव्हर्नर सर रिचर्ड टेंपलचा पाहुणा म्हणून राहिला. तोवर मिसिसिपीत काळा मतदार मतपेटीपासून बराच दूर गेला होता. १८९० च्या राज्यघटनेने कर आणि वाचन-परीक्षा घालून उरलेलाही बाहेर काढला.

क्रमवारीत ग्रँटला विसाव्या जागी ठेवायचे की पंधराव्या, यावर वाद घालणाऱ्यांनी १८७१ आणि १८७५ ही दोन्ही वर्षे एकाच कागदावर मांडून मग आकडा लिहावा. माझ्या हिशेबात १८७१ मुळे तो त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षापेक्षा वर जातो, अगदी लिंकननंतर लगेच. आणि १८७५ चा दोष त्यामुळेच जास्त लागतो, कारण काय करता येते हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हते.